पिंजऱ्यातील पोपटवर्गीय पक्ष्यांच्या नखांची निगा

शेतीबरोबर घरी बजरीगार, कॉकाटेल किंवा लव्हबर्ड असे पोपटवर्गीय पक्षी पाळणारी अनेक कुटुंबे आहेत. काहीजण त्यांची पैदास करून पूरक उत्पन्नही मिळवितात. दाणापाणी वेळेवर दिले जाते, पिंजरा झाडला जातो, परंतु पक्ष्याच्या पायाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. नख जाळीत किंवा कापडात अडकून पक्षी रात्रभर उलटा लोंबकळत राहिला, बोट मोडले किंवा घाईत नख कापल्यामुळे रक्तस्राव झाला म्हणजे मग धावपळ होते. हे प्रसंग टाळता येण्यासारखे आहेत. मुख्य म्हणजे, वाढलेली नखे हा पुष्कळदा चुकीची दांडी, चुकीचा आहार किंवा आजार यांचा परिणाम असतो. म्हणून केवळ नखे कापून प्रश्न सुटत नाही, कारण शोधावे लागते.

प्रथम कायद्याविषयी

आपल्याकडील रानातील पोपट, म्हणजे गळ्याभोवती कंठ असलेला हिरवा राघू, पहाडी पोपट व इतर देशी जाती, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित आहेत. त्यांना पकडणे, विकणे किंवा पिंजऱ्यात पाळणे गुन्हा आहे. झाडाच्या ढोलीतून पडलेले पिल्लू शेतात सापडल्यास ते घरी वाढवू नये, जवळच्या वन विभागाच्या कार्यालयास कळवावे. बजरीगार व कॉकाटेल हे मूळचे ऑस्ट्रेलियातील, तर लव्हबर्ड आफ्रिका खंडाकडील पक्षी आहेत. आपल्या बाजारात बजरीगारलाच पुष्कळदा ‘लव्हबर्ड’ म्हणून विकले जाते. मकाव किंवा आफ्रिकेतील करडा पोपट यांसारख्या परदेशी जातींची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार करणे आवश्यक आहे. पक्षी विकत घेण्यापूर्वी त्याची जात व कागदपत्रे यांची खात्री करून घ्यावी. पुढील माहिती कायदेशीररीत्या पाळलेल्या पक्ष्यांसाठी आहे.

नखाची रचना

पोपटवर्गीय पक्ष्यांच्या प्रत्येक पायाला चार बोटे असतात. त्यांपैकी दोन पुढे व दोन मागे वळलेली असतात. त्यामुळे फांदी घट्ट धरता येते, दाणा पायात पकडता येतो व जाळीवर चढता येते. नखाचे बाहेरील आवरण आपल्या नखांप्रमाणेच निर्जीव असते व ते सतत वाढत राहते. आतील भागात मात्र हाड, रक्तवाहिनी व मज्जातंतू असतात. फिकट रंगाच्या नखात उजेडाकडे धरून पाहिल्यास ही रक्तवाहिनी गुलाबी रेघेसारखी दिसते. काळ्या नखात ती दिसत नाही, म्हणून अशा नखांबाबत अधिक सावध राहावे.

नखे का वाढतात?

१) गुळगुळीत दांडी : पिंजऱ्याबरोबर मिळणारी प्लॅस्टिकची किंवा रंधलेल्या लाकडाची दांडी सर्वत्र सारख्याच जाडीची असते. तिच्यावर नख झिजत नाही. शिवाय तळव्याच्या ठरावीक जागीच सतत दाब पडून तेथे जखम व सूज येते.

२) हालचालीचा अभाव : लहान पिंजऱ्यात पक्षी दिवसभर एकाच जागी बसून राहतो.

३) यकृताचा विकार : केवळ सूर्यफुलाच्या बिया किंवा शेंगदाणे अशा तेलकट आहाराने यकृतात चरबी साठते. नखे व चोच दोन्ही वेगाने वाढू लागणे, नखात काळपट रक्ताचे ठिपके दिसणे ही यकृत बिघडल्याची लक्षणे असू शकतात.

४) खरजेचे परजीवी : विशेषतः बजरीगारमध्ये चोचीभोवती व पायावर मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे असलेली पांढरट खपली धरते. चोच व नखे वेडीवाकडी वाढतात.

५) वाढते वय किंवा बोटाला झालेली जुनी इजा.

नख वाढले हे कसे ओळखावे?

पक्ष्याला टेबलासारख्या सपाट जागेवर उभे करून बाजूने पाहावे. बोटांचे तळवे पूर्ण टेकत असतील तर नखे ठीक आहेत. नखांमुळे बोट वर उचलले जात असेल, बोट बाजूला वळत असेल, नख गोल वळून तळव्याकडे येत असेल किंवा चालताना वारंवार जाळीत अडकत असेल, तर नख वाढले आहे असे समजावे. टोकदार नख म्हणजे वाढलेले नख नव्हे. टोक असल्याशिवाय पक्ष्याला पकड मिळत नाही. पैदाशीच्या जोड्यांची नखे घरट्याची पेटी लावण्यापूर्वीच तपासावीत, कारण लांब नखाने अंड्याला छिद्र पडू शकते.

दांडी बदलणे हा पहिला उपाय

शेतकऱ्याला यासाठी काही विकत आणण्याची गरज नाही. पेरू, तुती किंवा कडुनिंबाच्या साल असलेल्या फांद्या उत्तम. बजरीगारसाठी साधारण १ ते १.५ सें.मी. व कॉकाटेलसाठी १.५ ते २ सें.मी. जाडीच्या फांद्या निवडाव्यात. पक्ष्याच्या बोटांचा विळखा दांडीच्या सुमारे दोन-तृतीयांश घेरापर्यंत जावा, पुढची व मागची बोटे एकमेकांना भिडू नयेत. एकाच पिंजऱ्यात कमीजास्त जाडीच्या, वाकड्या तीन-चार फांद्या वेगवेगळ्या उंचीवर बसवाव्यात.

फवारणी केलेल्या बागेतील छाटणीच्या फांद्या कधीही वापरू नयेत. पक्षी साल कुरतडतो व कीटकनाशकाचा अंश पोटात जातो. परसातील, फवारणी न केलेल्या झाडाची फांदी घ्यावी, ती ब्रशने घासून धुवावी व कडक उन्हात वाळवावी. कण्हेर, रुई, एरंड व शेर या विषारी वनस्पती टाळाव्यात.

दांडीला पॉलिशकागद गुंडाळू नये. त्याने नखापेक्षा तळवाच अधिक सोलवटतो. नखे झिजविणारी सिमेंटची खरबरीत दांडी बसविल्यास एकच बसवावी आणि ती खाण्याच्या भांड्याजवळ असावी. पक्षी झोपतो त्या सर्वांत उंच जागी ती नको.

आहार

राळा, वरी, बाजरी यांसारखी बारीक धान्ये द्यावीत, पण केवळ धान्यावर भागत नाही. जीवनसत्त्व ‘अ’ मिळण्यासाठी किसलेले गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, पालक किंवा कोथिंबीर स्वच्छ धुऊन रोज थोडी द्यावी. सूर्यफुलाच्या बिया मोजक्याच द्याव्यात. खारट व तळलेले पदार्थ, चॉकलेट व ॲव्होकॅडो देऊ नये.

नखे कापण्याची पद्धत

वरील सुधारणा करूनही नखे लांब असतील तरच ती कापावीत. पहिल्या वेळी पशुवैद्यकाकडून करून घ्यावे व पद्धत नीट पाहून घ्यावी.

१) काम दोघांनी करावे. वेळ सकाळची किंवा सायंकाळची असावी. दारे, खिडक्या व पंखा बंद करावा.

२) नेलकटर, बारीक कानस, कापूस व रक्त थांबविणारी भुकटी पक्षी पकडण्यापूर्वीच हाताशी ठेवावी.

३) मऊ सुती कापडात पक्षी हळुवार धरावा. अंगठा व तर्जनी यांनी डोके दोन्ही बाजूंनी आधार देऊन स्थिर ठेवावे. छाती मात्र मुळीच दाबू नये. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचे हाड पुढेमागे हलल्यावरच श्वास चालतो. घट्ट मुठीत धरलेला पक्षी काही क्षणांत गुदमरून मरू शकतो.

४) एकेक बोट धरून नखाचे केवळ टोक, साधारण १ मि.मी., कापावे. गुलाबी रेघेपासून अंतर ठेवावे. काळी नखे कापण्याऐवजी कानशीने घासावीत.

५) फार वाढलेले नख एकाच वेळी कापून आखूड करू नये. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने थोडे थोडे कमी करावे.

६) पक्षी चोच उघडून धापा टाकू लागल्यास लगेच सोडून द्यावा. राहिलेली नखे दुसऱ्या दिवशी कापली तरी चालतात.

रक्त आल्यास

पक्ष्याच्या शरीरात वजनाच्या साधारण १० टक्के रक्त असते. ३० ग्रॅमच्या बजरीगारमध्ये ते जेमतेम ३ मि.लि., म्हणजे सुमारे ६० थेंब भरते. त्यामुळे आपल्याला किरकोळ वाटणारे दहा-बारा थेंबही त्याच्या जिवावर बेतू शकतात. घाबरून न जाता रक्त थांबविणारी भुकटी नखाच्या टोकावर दाबून धरावी. ती नसल्यास कॉर्नफ्लोअर किंवा तुरटीची बारीक पूड वापरावी. भुकटी कातडीवर किंवा उघड्या जखमेवर टाकू नये. चुना किंवा तापविलेली सळई लावू नये, तेलही लावू नये. रक्त थांबल्यावर पक्षी शांत, अंधूक जागी ठेवून अधूनमधून पाहावे. पाच मिनिटांत रक्त थांबले नाही तर तातडीने पशुवैद्यकाकडे न्यावे.

स्वतः औषध देऊ नये

खपली दिसली म्हणून घरात असलेले जनावरांचे आयव्हरमेक्टिन पक्ष्याला देण्याचा मोह टाळावा. शेकडो किलो वजनाच्या जनावरासाठी बनविलेल्या औषधाचा एक थेंबही ३० ग्रॅमच्या पक्ष्याला जास्त होऊ शकतो. गोचिडांवरील कीटकनाशकही पक्ष्यावर फवारू नये. मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावी. नखांबरोबर चोचही वाढत असेल, पक्षी पिसे फुगवून बसत असेल किंवा खाणे कमी झाले असेल, तर नखे कापत न बसता आधी तपासणी करून घ्यावी.

लक्षात ठेवा

● महिन्यातून एकदा प्रत्येक पक्ष्याचे पाय व नखे पाहावीत.
● आधी दांडी व आहार सुधारावा, नेलकटर शेवटी घ्यावे.
● केवळ टोक कापावे, छाती दाबू नये.
● रक्त थांबविण्याची सोय असल्याशिवाय नख कापू नये.
● एकाएकी वाढलेली नखे हे आजाराचे लक्षण समजावे.

परसातील पेरूची एक धुतलेली फांदी व वाटीभर हिरवा पाला एवढ्यावर बहुतेक पक्ष्यांची नखे आपोआप मापात राहतात. पक्षीपालकांनी आजच आपल्या पिंजऱ्यातील दांडी तपासून पाहावी.