अँटीव्हायरस काढायचा म्हणजे...

मॅकॅफी अँटीव्हायरस ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या जॉन मॅकॅफी यांनी २०१३ साली एक व्हिडिओ काढला होता. विषय काय, तर मॅकॅफी अँटीव्हायरस कॉम्प्युटरवरून कसा काढावा! जगभरातून लोक त्यांना हाच प्रश्न विचारायचे, आणि गंमत म्हणजे त्यांनी ती कंपनी १९९४ सालीच सोडली होती. व्हिडिओच्या शेवटी हे गृहस्थ पिस्तूल काढतात आणि सरळ लॅपटॉपवर गोळी झाडतात. (व्हिडिओ बराच वाह्यात आहे. रेक्टर सरांसमोर लावू नये.)

आपल्यापैकी ज्यांचे घरचे कॉम्प्युटर अजून जिवंत आहेत त्यांना हा राग कळेल. दिवाळीच्या सुट्टीत बॅग खाली ठेवायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "तू इंजिनिअरिंगला आहेस ना, मग जरा बघ, पीसी फार हळू झालाय." आपण सिव्हिलला असलो तरी सुटका नाही. बघावं तर आत दोन अँटीव्हायरस! एक विकत घेतलेला, एक कॉम्प्युटरबरोबर ट्रायल म्हणून आलेला. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, ते इथे अक्षरशः खरं आहे. प्रत्येक फाइल उघडताना दोघेही ती तपासतात, एकमेकांच्या तपासणीत पाय घालतात आणि घरातली मंडळी दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत बसतात.

मग काढणं इतकं अवघड का? गेम किंवा फोटोचं सॉफ्टवेअर काढलं की ते जातं. पण अँटीव्हायरस नुसता आपल्या फोल्डरमध्ये बसलेला नसतो. तो विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभाऱ्यात, आपला ड्रायव्हर बसवतो. कोणतीही फाइल वाचायची किंवा लिहायची झाली की ती विनंती आधी या ड्रायव्हरच्या हाताखालून जाते. म्हणून त्याला फिल्टर ड्रायव्हर म्हणतात. ही जागा किती नाजूक आहे ते १९ जुलै २०२४ ला सगळ्या जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या कर्नलमधल्या ड्रायव्हरने एक सदोष फाइल वाचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळा स्क्रीन दाखवून कोसळले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ते घरगुती अँटीव्हायरस नव्हतं, कंपन्यांसाठीचं सॉफ्टवेअर होतं. पण बसण्याची जागा तीच.

दुसरं कारण स्वसंरक्षण. चांगला व्हायरस (चांगला म्हणजे हुशार!) आत शिरल्यावर पहिल्यांदा अँटीव्हायरसलाच मारायला बघतो. त्यामुळे कुणी आपली फाइल पुसली, आपली सर्व्हिस बंद केली तर नकार द्यायचा, असंच अँटीव्हायरसला शिकवलेलं असतं. आपण रागाने त्याचं फोल्डर निवडून डिलीट दाबतो, तेव्हा त्याच्या दृष्टीने आपणच व्हायरस.

आता प्रत्यक्ष कृती. (मराठी शब्द सुचला नाही तिथे मी सरळ इंग्रजी शब्द ठेवलाय. कॉन्व्हेंटचा परिणाम. मराठीच्या मॅडमनी सांभाळून घ्यावे.)

सुरुवातीला घरच्यांच्या महत्त्वाच्या फाइल्स दुसरीकडे कॉपी करून घ्या आणि लायसन्सची की कागदावर उतरवून ठेवा. मग अँटीव्हायरस उघडून क्वारंटाइनमध्ये काय आहे ते बघा. २०२० नंतर या शब्दाचा अर्थ कुणाला सांगायला नको. संशय आला म्हणून बाजूला ठेवलेली एखादी साधी फाइलही तिथे असू शकते, आणि अँटीव्हायरस गेला की तीही त्याच्याबरोबर जाऊ शकते. सेटिंग्जमध्ये स्वसंरक्षणाचा पर्याय असेल तर तो बंद करा. नंतर विंडोजच्या प्रोग्रॅम्सच्या यादीतून अनइन्स्टॉल. तो काही ठेवायचं का विचारेल, तर काही ठेवू नका.

यानंतरच्या पायरीवर बहुतेकांचं गाडं अडतं. अनइन्स्टॉल झाल्यावर तो रीस्टार्ट करायला सांगतो. आपण म्हणतो, बंद करतो, उद्या चालू करू, एकच की! एकच नाही. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली आहे. ती चालू असेल तर शट डाउन केल्यावर कर्नल खरं म्हणजे बंद होतच नाही. त्याची त्या क्षणीची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलली जाते, म्हणून कॉम्प्युटर लवकर सुरू होतो. पण ड्रायव्हर वापरात असताना पुसता येत नाही, म्हणून अनइन्स्टॉलर "पुढच्या वेळी सुरू होताना या फाइल्स पुसा" अशी चिठ्ठी विंडोजकडे ठेवून गेलेला असतो. कर्नल नव्याने सुरूच झालं नाही, तर ती चिठ्ठी वाचणार कोण? रीस्टार्ट दाबलं की मात्र ते पूर्ण बंद होऊन नव्याने उठतं. म्हणून रीस्टार्टच करायचं. ओएसच्या लेक्चरला ही गोष्ट सांगितली असती तर मी शेवटच्या बाकावरूनही ऐकली असती.

तरीही अवशेष राहिले तर कंपनीचंच साफसफाईचं टूल वापरावं. नॉर्टन, मॅकॅफी, अव्हास्ट, ईसेट अशा कंपन्या स्वतःच ते फुकट देतात (यावरून काय ते समजा!). ते कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घ्या, कारण अशा टूलच्या नावाखाली भलतंच काही गळ्यात मारणारे पुष्कळ आहेत. यातली काही टूल्स सेफ मोडमध्ये चालवायची असतात. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि ४ नंबरची की. सेफ मोडमध्ये बाहेरचे ड्रायव्हर सहसा उठत नाहीत, त्यामुळे विरोध करायला कुणी नसतं. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर रिकव्हरी की आधीच हाताशी ठेवा. ती विचारली गेली आणि सापडली नाही, तर रोगापेक्षा इलाज भयंकर.

रजिस्ट्रीत शिरून हाताने नोंदी पुसण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. फिल्टरची फाइल गेली आणि एखाद्या उपकरणाच्या नोंदीत तिचं नाव राहिलं, तर विंडोज त्या नसलेल्या फिल्टरला शोधतं आणि ते उपकरण सुरूच करत नाही. असा कीबोर्ड गेला तर पासवर्ड कशाने टाकणार?

हे सगळं नुसतं वेग वाढवण्यासाठी नाही. माझी मावशी एका बचत गटाचा हिशेब ठेवते. बारा बायकांची दरमहाची रक्कम, कर्ज, व्याज, सगळं तिच्या घरच्या पीसीवर एक्सेलमध्ये. तिथला जुना अँटीव्हायरस एका ओळखीच्या माणसाने "काढून" दिला होता, म्हणजे सेफ मोडमध्ये जाऊन त्याचं फोल्डर उडवलं होतं. फोल्डर गेलं, अनइन्स्टॉलरही त्याच फोल्डरमध्ये होता तो गेला, पण ड्रायव्हर विंडोजच्या फोल्डरमध्ये असतो, तो राहिला. विंडोजच्या सुरक्षा केंद्रातली नोंदही राहिली. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा अँटीव्हायरस आधीपासून असतो. दुसरा कुणी नोंद करून आला की तो आपणहून बाजूला होतो, आणि दुसरा रीतसर गेला की परत येतो. इथे रीतसर जाणं झालंच नव्हतं. कागदोपत्री वॉचमन हजर, गेटवर कुणीच नाही! सहा महिने ते घर उघडं होतं, आणि त्या सहा महिन्यांत मावशीचा पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात आणि बँकेत फिरत होता.

मी गेले तेव्हा पेनड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले होते. मावशीचा आवाज बारीक झाला. "माझा हिशेब गेला का गं? मी त्या बायांना काय सांगू?" हिशेब गेला नव्हता. हा व्हायरस मूळ फाइल्स बहुधा लपवून ठेवतो आणि त्यांच्या जागी स्वतःला चालवणारे शॉर्टकट मांडतो. पण आधी घरात पहारा हवा होता. मी त्याच अँटीव्हायरसची तीच आवृत्ती पुन्हा बसवली, म्हणजे अनइन्स्टॉलर परत आला, आणि मग तो नेहमीच्या रीतीने काढला. काढण्यासाठी बसवायचं हे मावशीला काही पटेना, पण तिने दोन वेळा चहा केला. रीस्टार्टनंतर डिफेंडर आपोआप जागा झाला. पीसी आणि पेनड्राइव्ह दोन्ही पूर्ण तपासले, नंतर लपवलेल्या फाइल्स उघड केल्या. बाराही खाती जागेवर होती. मावशीने त्याच रात्री सगळा हिशेब एका वहीत उतरवून काढला, आणि मला ते अतिशय योग्य वाटलं.

अँटीव्हायरस खरंच गेला का, हे बघायची एक सोपी युक्ती आहे. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि एफ, एल, टी, एम, सी ही पाच अक्षरं सलग टाइप करून एंटर दाबा. फाइल फिल्टरांची यादी येते आणि प्रत्येकासमोर एक आकडा असतो. त्याला अल्टिट्यूड, म्हणजे उंची, म्हणतात. फिल्टर एकावर एक रचलेले असतात आणि कोण कितव्या मजल्यावर ते हा आकडा सांगतो. तीन लाख वीस हजार ते तीन लाख तीस हजार यांच्या मधले मजले मायक्रोसॉफ्टने अँटीव्हायरससाठी राखून ठेवले आहेत. डिफेंडरचा फिल्टर ३२८०१० वर राहतो, त्याचं नाव डब्ल्यू-डी या अक्षरांनी सुरू होतं. त्या मजल्यांवर जुन्या अँटीव्हायरसचं नाव अजून दिसलं, तर पाहुणे अजून गेलेले नाहीत.

किरकोळ सामान राहतं तेही आवरा. ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन काढा. सुरक्षित साइट्स तपासण्यासाठी काही अँटीव्हायरस स्वतःचं रूट सर्टिफिकेट बसवतात, ते विंडोजच्या सर्टिफिकेटांच्या यादीत राहिलं नाही ना ते पाहा. आणि मुख्य म्हणजे, सॉफ्टवेअर काढल्याने वर्गणी थांबत नाही! बाबांच्या कार्डावर ऑटो-रिन्युअल असेल तर ते कंपनीच्या साइटवर जाऊन वेगळं बंद करावं लागतं. भारतात ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांप्रमाणे कार्डावरून असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते, पण ती घरी वाचतं कोण?

शेवटी विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरस संरक्षणाच्या समोर हिरवी खूण आहे ना ते बघा. नसेल तर कॉम्प्युटर घरच्यांच्या ताब्यात देऊ नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. घरचा पीसी अजून त्यावरच असेल तर त्याचं काय करायचं हे बाबांशी याच सुट्टीत बोलून घ्या, परतीच्या एसटीचं रिझर्व्हेशन करायच्या आधी.