कॉफीच्या भांड्यावरील पहारा
इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत ‘ट्रोजन रूम’ नामक खोलीबाहेर कॉफीचे भांडे असे. इतर मजल्यांवरील संशोधक जिने चढून येत आणि पुष्कळदा रिकामे भांडे पाहून परतत. हा हेलपाटा टाळण्यासाठी १९९१ मध्ये भांड्यावर कॅमेरा रोखून त्याचे चित्र प्रत्येकाच्या संगणकावर दिसण्याची सोय करण्यात आली. चित्र रंगहीन, अवघे १२८ बिंदू लांब व तितकेच रुंद. परंतु कॉफी उरली आहे की नाही, एवढे कळण्यास ते पुरेसे होते. १९९३ मध्ये ते वेबवर आले आणि ज्यांना त्या कॉफीचा घोटही मिळणार नव्हता, असे देशोदेशींचे लोक ते कौतुकाने पाहू लागले! वेबवरील पहिला कॅमेरा तो हाच, असे मानतात. २००१ मध्ये तो बंद झाला. ते भांडे लिलावात एका जर्मन वृत्तसंस्थळाने ३,३५० पौंडांना घेतले. तेव्हा ते नादुरुस्त होते.