हुकाची उंची आणि पिनीची जाडी

उसाचा सीझन सुरू झाला की आपल्या होस्टेलसमोरच्या रस्त्यावरून रात्रंदिवस ट्रॅक्टर जातात. पुढे ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या आणि टेपवर गाण्यांचा दणका. आपण चहाच्या टपरीवर उभे राहून गाणी ऐकतो, ट्रॉलीच्या फाळक्यावर लिहिलेली वाक्यं वाचतो आणि सबमिशनचं रडगाणं पुढे चालू ठेवतो. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामधली ती हातभर जागा मात्र सहसा कोणी बघत नाही. आमच्या घरी ट्रॅक्टर आहे, आणि सुट्टीत गावी गेलो की ट्रॉली जोडायचं काम माझ्याकडे असतं. त्यामुळे माझी नजर आधी तिथेच जाते. एफ.ई.ला अप्लाइड मेकॅनिक्स शिकताना ज्या मोमेंटचा कंटाळा यायचा, ते सगळे मोमेंट त्या हातभर जागेत रोज जिवंत असतात.

आधी प्रकार सांगतो. चारचाकी ट्रॉली स्वतःचं वजन स्वतः पेलते, ट्रॅक्टरला ती फक्त ओढायची असते. दोनचाकी ट्रॉलीचं तसं नाही. तिच्या वजनाचा काही भाग दांडीवाटे ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. म्हणजे हुकाला दोन कामं, मागे ओढ सोसायची आणि खाली भार पेलायचा. ही दोन्ही बलं ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलायला बघतात, आणि खरा धोका तिथूनच सुरू होतो.

आता एक गणित करू. (सोयीसाठी बल किलोतच धरतो, सरांनी मार्क कापू नयेत.) समजा ट्रॅक्टर २००० किलोचा आहे, पुढच्या आणि मागच्या आसात २ मीटर अंतर आहे, आणि उभ्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर ८०० किलो येतात. मागे पाच टनांची दोनचाकी ट्रॉली आहे. तिच्या दांडीचा भार ५०० किलो, आणि हूक मागच्या आसाच्या ७० सेंटिमीटर मागे. फक्त या भाराने पुढची चाकं ५०० गुणिले ०.७ भागिले २, म्हणजे १७५ किलोंनी हलकी होतात. आता ट्रॉली मऊ रानातून बाहेर काढायची आहे आणि ओढ १२५० किलोंची लागते. हूक जमिनीपासून अर्ध्या मीटरवर असेल तर आणखी ३१२ किलो कमी होतात आणि पुढे ३१३ शिल्लक राहतात. तोच हूक ८० सेंटिमीटरवर घेतला तर ३१२ ऐवजी ५०० किलो कमी होतात आणि पुढे उरतात फक्त १२५. रानातून रस्त्यावर यायला दहा अंशांचा चढ असेल, ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटर उंचीवर धरला, तर त्या चढाने आणखी साधारण १२० किलो जातात. बाकी शून्य! ओढ तीच, ट्रॉली तीच, ड्रायव्हर तोच. फरक फक्त हुकाच्या ३० सेंटिमीटरांचा.

पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान २० टक्के तरी भार हवा, असा एक ठोकताळा आहे. त्याच्या खाली गेलं की स्टिअरिंग फिरतं पण ट्रॅक्टर वळत नाही. मग ड्रायव्हर डाव्या-उजव्या ब्रेकवर ट्रॅक्टर वळवतात. रानात ते ठीक. पण रस्त्यावर आल्यावर दोन्ही पेडल जोडणारी कडी लावायचं राहिलं आणि घाईत एकच पेडल दाबलं गेलं, तर मागच्या एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर गर्रकन आडवा होतो.

आमच्या गावात दोन वर्षांपूर्वी एका ट्रॅक्टरची पुढची चाकं अशीच उचलली गेली. ट्रॉली चिखलात रुतली होती, म्हणून कोणीतरी टॉपलिंकच्या कानाला साखळी बांधून ओढायला लावलं. ट्रॅक्टर जागेवर ताठ उभा राहिला. ड्रायव्हरने क्लच दाबला म्हणून पुढची चाकं धाडकन खाली आली आणि माणूस वाचला. क्लच दाबायला मिळणारा वेळ जेमतेम एक-दोन सेकंदांचा असतो. आमचे तात्या तिथे होते. त्यांनी कधी फ्री बॉडी डायग्राम काढलेला नाही, पण ते एवढंच म्हणाले, "आरं, बोकांडीला साखळी बांधल्यावर घोडं उभं ऱ्हाणार न्हाई तर काय करणार? खालच्या हुकाला घे." माझ्या मते याहून अचूक उत्तर व्हायवातही देता येणार नाही. टॉपलिंक ओढण्यासाठी नसते, अवजार तोलण्यासाठी असते. हायड्रोलिकच्या दोन हातांमध्ये बसवलेल्या भोकांच्या आडव्या पाट्याचीही तीच गोष्ट. लिफ्ट वर उचलली की पाट्याबरोबर ओढीचा बिंदूही वर जातो. म्हणून ट्रॉलीला खालचा पक्का हूकच वापरायचा.

ही भीती आजची नाही. १९१७ साली फोर्डसन ट्रॅक्टर बाजारात आला, तेव्हा मागचा नांगर दगडात अडकला की तो ट्रॅक्टर मागे उलटायचा, अशी त्याची ख्याती होती. हॅरी फर्ग्युसनने नांगर तीन बिंदूंवर ट्रॅक्टरशी जोडण्याची पद्धत आणली, आणि १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरमधून ती जगभर गेली. आज आपल्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे दिसणारे ते तीन हात म्हणजे मुळात याच मोमेंटवर शोधलेला उपाय.

आता पिनीकडे येऊ. पिन म्हटलं की आपण लगेच शिअरचं सूत्र आठवतो. २५ मिलिमीटरची साधी लोखंडी पिन दुहेरी शिअरमध्ये बारा-तेरा टनांना सहज दाद देत नाही. मग सव्वा टनाच्या ओढीला पिन वाकते कशी? कारण ती शिअरमध्ये जातच नाही, बेंडिंगमध्ये जाते. हुकाच्या दोन पात्यांमध्ये ८० मिलिमीटर फट आहे आणि दांडीची कडी बरोबर मधोमध ओढते आहे असं धरा. ओढ साडेबारा किलोन्यूटन, मोमेंट २५० न्यूटन-मीटर, आणि २५ मिलिमीटरच्या पिनीत ताण येतो साधारण १६३ मेगापास्कल. साध्या लोखंडाची मर्यादा २५० धरली तर पिन पास. पण ट्रॉली कधी सावकाश ओढली जात नाही. कडीत ढिलाई असते, क्लच सुटतो, हिसका बसतो. हिसक्याने बल दुप्पट झालं की ताण ३२६ आणि पिन नापास. तीच पिन ३० मिलिमीटरची घेतली तर हिसक्यासकट ताण १८९ च्या आसपास राहतो. व्यासाचा घन काय करतो ते इथे कळतं. पिन हरवली म्हणून सळईचा तुकडा किंवा जुना बोल्ट घालून 'कारखान्यापर्यंत तर जायचंय' म्हणणारे दर सीझनला भेटतात. त्यांना हे आकडे दाखवून उपयोग नसतो. त्यापेक्षा एक जादा पिन टूलबॉक्समध्ये ठेवावी.

पिन नेहमी वरून खाली घालायची आणि खालच्या भोकात छोटी लॉक पिन लावायची. खड्ड्यांतून दांडी वरखाली उडते आणि लॉक नसलेली पिन हळूहळू वर सरकत बाहेर येते.

अमेरिकेत लोक सुट्टीला निघताना राहायचं घरच गाडीमागे जोडतात. त्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. तिथला नियम असा की ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर यावा. कमी आला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. शिवाय हुकाखालून दोन साखळ्या एकमेकींना तिरक्या छेदून लावतात, म्हणजे हूक सुटलाच तर दांडी रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडते. ट्रेलर पुरता सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लागतील अशी सोयही असते. आपल्या ट्रॉल्या त्या वेगाने जात नाहीत, पण ऊस मागच्या बाजूला जास्त रचला तर दांडी वर उचलायला बघते, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होऊन घसरतात आणि पिनीवर उलटा जोर येतो. साखळी तर आपल्याकडे फार थोड्या ट्रॉल्यांना दिसते. एका साखळीला खर्च तो कितीसा!

बहुतेक जुन्या ट्रॉल्यांना ब्रेकही नसतात. दोन टनांचा ट्रॅक्टर एकटा सगळं वजन थांबवतो. उतारावर ट्रॉल्या मागून ढकलतात आणि वळणावर जोरात ब्रेक मारला की ट्रॅक्टर आणि ट्रॉली कात्रीसारखे मिटतात. म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकायचा, आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचं नाही.

दुसरी ट्रॉली पहिलीच्या मागे जोडलेली असते. मित्रांनो, आता जे लिहितो ते खास आपल्या होस्टेलसाठी. चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढायला आपली पोरं दोन ट्रॉल्यांच्या मधे शिरतात. तिथला माणूस ड्रायव्हरला आरशात दिसत नाही. शिवाय मागची ट्रॉली पुढचीच्या चाकोरीतून जात नाही, वळणावर ती आत कापते. कडीच्या ढिलाईमुळे मधलं अंतरही क्षणात वीतभर कमी-जास्त होतं. पाय घसरला तर मागच्या ट्रॉलीचं चाक एका पावलावर असतं. ऊस हवाच असेल तर ट्रॅक्टर टपरीवर थांबल्यावर ड्रायव्हरमामांकडे मागा. ते दोन कांड्यांना नाही म्हणत नाहीत.

जोडायची पद्धत आमच्या घरी अशी आहे. ट्रॉली सपाट जागेवर, दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड. दांडी ठोकळ्यावर किंवा जॅकवर, हुकाच्या उंचीला. ट्रॅक्टर सगळ्यात लहान गिअरमध्ये मागे येतो तेव्हा मधे कोणीही उभं राहत नाही. खूण करणारा बाजूला, ड्रायव्हरला दिसेल असा. ट्रॅक्टर थांबला, न्यूट्रल झाला, हँडब्रेक लागला आणि ड्रायव्हरने "ये" म्हटलं की मगच माणूस आत जातो. भोकं जुळली का ते बोटाने चाचपायचं नाही, पहारीने जुळवायचं. ट्रॅक्टर इंचभर सरकला तरी बोट जातं. पिन, लॉक, साखळी, मग मागच्या दिव्यांची वायर. दगड काढण्याआधी एकदा हळूच पुढे ओढून बघायचं.

सोडताना क्रम उलटा. आधी दगड, मग दांडीखाली ठोकळा, पिन सगळ्यात शेवटी. दोनचाकी ट्रॉलीतला ऊस पुढून उतरवला असेल आणि मागे शिल्लक असेल तर पिन काढायचीच नाही, कारण ती निघाल्याबरोबर दांडी वर उडते आणि पिन काढणाऱ्याचं तोंड बरोबर तिच्यावर झुकलेलं असतं. आधी मागचा ऊस उतरवायचा.