एका प्रश्नाची सत्तावीस वर्षे

वावर, ता. जव्हार



सर्जन आणि शास्त्रज्ञ यांचे संयुक्त संशोधन टिकते ते दोघांनी मिळून धरलेल्या प्रश्नावर. पैसा, यंत्रे, करारपत्रे ही लागतातच. पण प्रश्न एकट्याचाच असला, तर दुसऱ्याकडे नमुने पुरवण्याचे नाहीतर आकडेमोड करून देण्याचे काम उरते, आणि पहिला शोधनिबंध छापून आला की दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

महाराष्ट्रात याचे सर्वांत शिकण्याजोगे उदाहरण परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात सापडते. सर्जन राजेंद्र बडवे यांनी लंडनच्या गाइज रुग्णालयातील सहकाऱ्यांसह १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक निरीक्षण मांडले. स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झालेल्या, पाळी सुरू असलेल्या २४९ स्त्रियांच्या नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. शेवटच्या पाळीनंतर ३ ते १२ दिवसांच्या काळात ज्यांचे ऑपरेशन झाले, त्यांची पुढची वाटचाल इतरांपेक्षा वाईट होती. त्या दिवसांत शरीरात प्रोजेस्टेरॉन फारसे नसते. मग ऑपरेशनपूर्वी ते बाहेरून दिले तर?

हा प्रश्न घेऊन १९९७ ते २००८ या काळात टाटामध्ये १,००० स्त्रियांवर चाचणी झाली. निम्म्या स्त्रियांना ऑपरेशनच्या काही दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचे एक इंजेक्शन देण्यात आले. २०११ मध्ये निकाल आला तो अर्धवट होता. सगळ्यांचा एकत्र विचार केला तर फायदा सिद्ध झाला नाही. काखेतल्या गाठींपर्यंत रोग पोहोचलेल्या स्त्रियांमध्ये मात्र पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ६६.८ टक्क्यांवरून ७५.७ टक्क्यांवर गेलेले दिसले. अशा निकालावर अनेक जोड्या फुटतात. सर्जनला तो पुरेसा ठाम वाटत नाही आणि शास्त्रज्ञाला त्यामागची यंत्रणा कळलेली नसते. इथे नेमकी तीच यंत्रणा शोधायचे ठरले. टाटा मेमोरियलच्याच खारघर येथील ‘अ‍ॅक्ट्रेक’ या संशोधन केंद्रातील अमित दत्त यांच्या प्रयोगशाळेने बडवे यांच्यासोबत प्रोजेस्टेरॉनचा कर्करोगाच्या पेशींवरचा परिणाम तपासला. प्रोजेस्टेरॉनमुळे एसजीके-१ हे जनुक अधिक सक्रिय होते आणि पेशींच्या पसरण्याला आळा घालणाऱ्या एनडीआरजी-१ ची पातळी वाढते, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रोजेस्टेरॉनचा ग्राही (रिसेप्टर) नसलेल्या पेशींतही हे घडत होते. पहिल्या निरीक्षणाला तोवर सत्तावीस वर्षे झाली होती.

एवढा काळ निव्वळ मैत्रीवर निघत नाही, त्याला संस्थेचा आधार लागतो. पॅथॉलॉजिस्ट व्ही. आर. खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली १९५२ मध्ये परळलाच कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले, आणि १९६६ मध्ये रुग्णालय व संशोधन संस्था टाटा मेमोरियल सेंटर या एका छत्राखाली आल्या. रुग्ण, नोंदी आणि पेशी यांचा धनी एकच असल्याने माणसे बदलली तरी काम उरते. पुढे याच रुग्णालयाच्या पुढाकाराने स्तनातली गाठ काढण्यापूर्वी तिच्याभोवती लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध टोचण्याची चाचणी झाली. २०२३ च्या निकालात पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. हे औषध लहान रुग्णालयाच्या कपाटातही असते, म्हणूनच हा निकाल जव्हारसारख्या ठिकाणी मोलाचा.

रोजच्या कामात जोडी बहुधा नमुन्यावरून बिघडते. काढलेली गाठ सवयीने फॉर्मॅलिनमध्ये जाते. सूक्ष्मदर्शकासाठी ते योग्यच, पण आरएनए तपासायचे असेल तर तुकडा लगेच गोठवावा लागतो. रक्तवाहिनी बांधल्याची वेळ आणि तुकडा गोठवल्याची वेळ, या दोन्ही नोंदी ऑपरेशन थिएटरमध्येच व्हायला हव्यात. त्यासाठी शास्त्रज्ञाने काही ऑपरेशने उभे राहून पाहावीत, आणि सर्जनने प्रयोगशाळेत बसून आपल्याच नमुन्याचे काय होते ते पाहावे. निबंधावर कोणाचे नाव कुठे येणार, हे पहिल्या नमुन्याआधी लिहून ठेवणे उत्तम. एम.एस.चा विद्यार्थी तीन वर्षांत निघून जातो, सरकारी डॉक्टरची बदली होते, म्हणून नोंदवही आणि रुग्णांचा पाठपुरावा सांभाळणारा माणूस कायमचा असावा. त्याच्या पगाराची तरतूद यंत्राच्या खरेदीआधी करावी.

जव्हार-मोखाड्यात असा प्रश्न शोधायला दूर जावे लागत नाही. घोणस किंवा फुरसे चावल्यावर जीव वाचला तरी काही रुग्णांच्या पायाचे मांस सडते. सडलेला भाग काढणे, पुढे त्वचारोपण करणे हे सर्जनकडे येते. आपल्याकडची प्रतिविषलस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर चालते. तिच्यासाठीचे विष मुख्यत्वे तामिळनाडूतील इरुला सहकारी संस्थेकडून येते, आणि एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते. इथल्या जखमा आणि इथल्या सापांचे विष शेजारी ठेवून पाहण्यासाठी सर्जन व विषाचा अभ्यासक दोघेही लागतात. डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात आयसीएमआरचे ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे आणि सर्पदंशावर तिथे काम झालेले आहे. जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयातल्या डॉक्टरने सुरुवात तिथे विचारण्यापासून करावी.

१९९२-९३ मध्ये वावर-वांगणीचे नाव बालमृत्यूंमुळे राज्यभर गेले. पाहणीला येणाऱ्यांची इथे नवलाई उरलेली नाही. म्हणून अशा संशोधनासाठीची संमती वारली किंवा कोकणा बोलणाऱ्या माणसाकडून, घरच्या भाषेत घेतली जावी आणि निकाल पाड्यावर येऊन सांगितला जावा. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, तेव्हा महिन्यांच्या हिशेबाने आखलेला पाठपुरावा इथे कोसळतो. पावसाळ्यात साप चावलेल्या रुग्णाची पहिली तपासणी दिवाळीआधी, दुसरी होळीला माणसे गावी येतात तेव्हा आणि तिसरी पेरणीच्या तोंडावर ठेवावी. मधल्या काळासाठी भट्टीचे गाव आणि मुकादमाचा फोन नंबर केसपेपरवर लिहून घ्यावा.

मामा