जन्माने कोणी चोर नसतो

बारामती आणि इंदापूर हे शेजारशेजारचे तालुके. कालव्याचे पाणी आले आणि इथे ऊस पिकू लागला. साखर कारखाने निघाले. बाजार मोठे झाले. जिथे पैसा खेळतो आणि गर्दी जमते, तिथे चोरीही होते. कधी विहिरीवरची मोटार जाते, कधी बाजारात खिसा कापला जातो. मग पारावर बोलणे सुरू होते, "हे त्या वस्तीवरल्यांचंच काम. त्यांची जातच तसली."

हे बोलणे आपण पुष्कळदा ऐकतो. कधी आपणही तसे बोलून जातो. ते खरे आहे का, हे या धड्यात पाहू. आणि एखादे लहान पोर चोरीत सापडले तर कायदा काय सांगतो, तेही समजून घेऊ.

शिक्का कसा बसला

पारध म्हणजे शिकार. पारध करणारा तो पारधी. फास लावून तितर, लावे, हरणे धरणारे ते फासेपारधी. रानात फिरावे, शिकार करावी, पोट भरावे, असा त्यांचा धंदा होता. कित्येक गावांत शेतकरी त्यांच्याकडे पिकाची राखणही देत.

इंग्रज सरकारला फिरत्या लोकांचा भरवसा वाटेना. १८७१ साली सरकारने एक कायदा केला. त्याचे नाव गुन्हेगार जमाती कायदा. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ साली नवा कायदा झाला आणि तो आपल्या मुंबई इलाख्यातही आला.

या कायद्याने माणसाचा गुन्हा पाहिला नाही, जमात पाहिली. जमातीचे नाव यादीत आले की तिच्यातल्या माणसांची नावे पोलिसांच्या वहीत चढत. बोटांचे ठसे घेतले जात. ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे. दुसऱ्या गावी जायचे तर परवाना लागे. पुष्कळांना कुंपण घातलेल्या वसाहतीत ठेवले. अशी मोठी वसाहत सोलापुरात होती. तिथली माणसे गिरणीत कामाला जात आणि परत कुंपणात येत. त्या भागाला लोक अजून 'सेटलमेंट' म्हणतात.

आता एक नवल पाहा. १९२४ या एकाच सालात दोन कायदे झाले.

पहिला मुंबई इलाख्यातील मुलांचा कायदा. तो म्हणाला, "पोर चुकलं तरी ते पोरच आहे. त्याला मोठ्या गुन्हेगारांबरोबर तुरुंगात टाकू नका. त्याला शाळेत घाला, हुन्नर शिकवा, सुधारू द्या."

दुसरा गुन्हेगार जमाती कायदा, पुन्हा नव्याने केलेला. तो म्हणाला, "या जमातींतल्या पोरांनी काही केलं नसलं तरी त्यांना आईबापांपासून वेगळं करता येईल."

एका पोराने चूक केली, तर त्याला माया. दुसऱ्याने काहीच केले नाही, तरी त्याला शिक्षा. दोघांत फरक काय? फक्त जन्म कोणत्या घरी झाला, एवढाच!

स्वराज्य आले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा देशभर रद्द झाला. या जमातींना विमुक्त, म्हणजे मोकळे झालेले, असे नाव मिळाले. पुढे १९७२ साली वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा झाला आणि शिकारीचा धंदा बंद पडला. जंगलासाठी ते बरेच झाले. पण ज्यांचा तोच धंदा, त्यांच्या हाती जमीन नव्हती आणि अक्षरही नव्हते. त्यातून लोकांच्या मनातला संशय तसाच राहिला. कोणी काम देईना, कोणी गावात ठरू देईना.

संशयाने जीव जातात. जून १९९८ मध्ये बारामतीत पोलिसांच्या ताब्यात असताना एका पारधी माणसाचा मृत्यू झाला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावी जमावाने पाच माणसांना ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आली, अशी नुसती अफवा होती. मेलेली माणसे नाथपंथी डवरी गोसावी होती, भिक्षा मागून पोट भरणारी. त्यांतली बहुतेक आपल्या इंदापूरशेजारच्या सोलापूर जिल्ह्यातली होती. त्यांनी कोणाचेही मूल पळवले नव्हते.

अभ्यास काय सांगतो

चोरी रक्तातून येते का? हे नुसत्या बोलण्याने ठरत नाही. त्यासाठी पुष्कळ मुले घ्यावी लागतात आणि त्यांच्याकडे वर्षानुवर्षे पाहावे लागते. काही अभ्यासकांनी तसे केले आहे.

अमेरिकेत फिलाडेल्फिया नावाचे शहर आहे. १९४५ साली जन्मलेली आणि त्या शहरात वाढलेली ९,९४५ मुले अभ्यासकांनी घेतली. अठरा वर्षे वयापर्यंतच्या त्यांच्या नोंदी पाहिल्या. तो अभ्यास १९७२ साली छापून आला. सुमारे तिसऱ्या हिश्शाच्या मुलांची नावे केव्हा ना केव्हा पोलिसांकडे गेली होती. पण त्यांतली जवळजवळ निम्मी मुले एकदाच सापडली. पुन्हा त्या वाटेला गेली नाहीत. निम्म्याहून जास्त गुन्हे शंभरांतल्या फक्त सहा मुलांचे होते.

इंग्लंडात लंडन शहराच्या गरीब वस्तीतली ४११ मुले १९६१ पासून अभ्यासकांनी पाहिली. तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. पुढे ती बाप्ये झाली, तरी अभ्यास चालूच राहिला. कोणती मुले वाईट वाटेला जास्त गेली? ज्यांच्या घरी फार गरिबी होती, ज्यांच्याकडे आईबापांचे लक्ष नव्हते, ज्यांना घरी फार मार बसे, ज्यांचे शाळेत जमले नाही, आणि ज्यांच्या घरातला कोणी आधीच गुन्ह्यात सापडला होता, ती. ही मुले काही पारधी नव्हती. ती इंग्रजांचीच पोरे होती! अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या मुलांवर गुन्हेगार म्हणून शिक्का बसला, ती पुढे सुधारण्याऐवजी जास्त बिघडली.

आपल्या देशातही १९५३ पासून दर वर्षाच्या गुन्ह्यांची सरकारी नोंद छापली जाते. तीत दिसते, की गुन्ह्यात सापडलेली बहुतेक मुले १६ ते १८ वर्षांची असतात आणि बहुतेक मुले आपल्या आईबापांजवळच राहणारी असतात. म्हणजे हा प्रश्न कुठल्या एका वस्तीचा नाही. तो तुमच्या-आमच्या घरातलाही आहे.

उसाचे बेणे चांगले असले तरी पाण्याची पाळी चुकली की लावण वाळते. तेव्हा आपण बेण्याला दोष देत नाही, पाण्याचे पाहतो. पोराचेही तसेच आहे.

पोर सापडले तर

समजा, इंदापूरच्या बाजारात चौदा वर्षांच्या एका मुलाने शेतकऱ्याच्या खिशातून फोन काढला. लोकांनी त्याला धरले. आता काय करावे?

पहिली गोष्ट, मारू नये. धरलेल्या माणसाला मारणे हाच एक गुन्हा आहे. पोलिसांना बोलवावे. ११२ हा क्रमांक फिरवला की पोलीस येतात.

आजचा कायदा २०१५ सालचा आहे. त्याला बाल न्याय कायदा म्हणतात. अठरा वर्षांच्या आतला मुलगा असो वा मुलगी, कायद्याने ते मूलच. हा कायदा पुढील गोष्टी सांगतो.

मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. बेडी घालता येत नाही. प्रत्येक पोलीस ठाण्यात मुलांसाठी एक अधिकारी नेमलेला असतो. मुलाला त्याच्या हवाली करावे. त्याने साध्या कपड्यांत मुलाशी बोलावे. मुलाच्या आईबापांना लगेच कळवावे.

चोवीस तासांच्या आत मुलाला बाल न्याय मंडळापुढे न्यावे. प्रवासाचा वेळ यात धरत नाहीत. पुणे जिल्ह्याचे मंडळ पुण्याला येरवड्यात बसते. मंडळात एक न्यायाधीश आणि दोन समाजसेवक असतात. त्या दोघांत निदान एक बाई असावीच लागते.

मंडळाने मुलाला जामिनावर सोडावे, असा साधा नियम आहे. सोडले तर ते वाईट संगतीत पडेल, त्याला धोका होईल किंवा न्यायाला बाध येईल असे दिसले, तरच त्याला निरीक्षणगृहात ठेवतात.

मुलाचे नाव, गाव, शाळा, फोटो वर्तमानपत्रात छापता येत नाही. फोनवरून फिरवताही येत नाही. तसे करणाऱ्याला शिक्षा आहे.

इथे कोणी विचारील, "अहो, पण माझा फोन गेला त्याचं काय? पोर लहान म्हणून सोडून द्यायचं व्हय?"

प्रश्न रास्त आहे. नुकसान झाले ते खरेच झाले. कायदा मुलाला मोकळे सोडत नाही. मंडळ त्याची चौकशी करते. चूक ठरली तर समज देते, आईबापांना दंड करते, लोकांच्या उपयोगाचे काम करायला लावते, देखरेखीखाली ठेवते, किंवा तीन वर्षांपर्यंत विशेष गृहात पाठवते.

दुसरा विचारील, "आणि सतरा वर्षांच्या पोरानं खून केला तर?" तर सोळा वर्षांवरच्या मुलाची समज किती होती, हे मंडळ तपासते. जरूर वाटल्यास खटला बाल न्यायालयाकडे जातो आणि मोठ्या माणसासारखा चालू शकतो. मात्र फाशी देता येत नाही.

पोराला पुढे करून चोरी करविणारा मोठा माणूस असेल, तर त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. म्हणून पोराला मारण्यापेक्षा त्याच्यामागे कोण आहे, हे पोलिसांना शोधू द्यावे.

एका कागदाचे मोल

हे सारे संरक्षण अठरा वर्षांच्या आतल्या मुलाला आहे. पण वय कशावरून ठरवायचे? आधी शाळेचा दाखला पाहतात. तो नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला पाहतात. दोन्ही नसतील तर डॉक्टरांकडून तपासणी होते. तपासणीने वय अंदाजानेच कळते. अंदाज चुकला तर पंधरा वर्षांचे पोर मोठ्यांच्या तुरुंगात जाऊ शकते.

पालावर राहणारे, ऊसतोडीला फिरणारे, वीटभट्टीवर राबणारे, यांच्या मुलांजवळच हा कागद नसतो. म्हणून मूल जन्मले की एकवीस दिवसांच्या आत नोंद करावी. तिला पैसे पडत नाहीत. राहून गेली असेल तर उशिराही करता येते.

कागद नाही म्हणून शाळेने मुलाला परत पाठवू नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने, सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जन्मदाखला नसला तरी शाळेत घ्यावेच लागते. वर्षाच्या मध्ये आले तरी घ्यावे लागते. शाळेत नाव चढले, की शिक्षण मिळते आणि वयाचा पुरावाही तयार होतो.

गावाने काय करावे

पोलीस चोरी झाल्यावर येतात. पोर वाईट वाटेला लागते ते त्याच्या किती तरी आधी. शाळा सुटते, बाप दारू पितो, घरी खायला नसते, कोणी तरी दहा रुपये देऊन पाळत ठेवायला सांगतो. हे गावाला दिसते. गुन्हा थांबवायचा तर तिथेच थांबवता येतो.

शाळेत न जाणारे मूल दिसले तर गुरुजींना सांगा. मूल बेवारस फिरत असेल, कोणी त्याला छळत असेल, तर १०९८ क्रमांकावर कळवा. मुलांना दारू, तंबाखू देणाऱ्यांना थांबवा. तो मोठा गुन्हा आहे. कोणी पोलिसांच्या ताब्यात असेल आणि वकिलाला पैसे नसतील, तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. तिथे मुलांना, बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना फुकट वकील मिळतो. क्रमांक १५१०० असा आहे.

चोरी झाली तर तक्रार जरूर करा. पण जे पाहिले तेच सांगा. "मी अमक्याला पाहिलं" ही साक्ष झाली. "त्या वस्तीवरचाच असणार" ही साक्ष नव्हे. अशा बोलण्याने खरा चोर सुटतो आणि भलत्याच घरातले पोर मार खाते. ज्याने चोरी केली नाही त्याला चोर म्हणून वागवले, तर तो उद्या म्हणेल, "नाही तरी चोरच म्हणतात, मग भ्यायचं कशाला?"

१९२४ साली सरकारपुढे दोन वाटा होत्या. त्यांतली एक वाट कायद्याने १९५२ साली बंद केली. आपल्या गावात मात्र ती रोज उघडी राहते किंवा रोज बंद होते. ते आपल्या बोलण्यावर आणि वागण्यावर आहे.

प्रश्न

१. १९२४ साली कोणते दोन कायदे झाले? त्यांत फरक काय होता?
२. लंडनच्या अभ्यासात कोणती मुले वाईट वाटेला जास्त गेलेली दिसली?
३. चौदा वर्षांचे मूल चोरीत सापडले तर पोलिसांनी काय करावे? काय करू नये?
४. तुमच्या घरातल्या सर्व मुलांचे जन्मदाखले आहेत का? घरी जाऊन पाहा.
५. तुमच्या गावात शाळेत न जाणारी मुले किती आहेत? वर्गात मिळून मोजा व त्यांची नावे गुरुजींना द्या.