चार्जर कशाला घेतलास?

कल्याण, रविवार

चि. ओंकार यास,


तुझा मोबाइल पप्पांच्या कपाटात आहे आणि आईच्या फोनवर माझा आवाज ऐकला की तू ‘रेंज नाही मामा’ म्हणून फोन ठेवतोस. म्हणून हे पत्र. आईला बजावलं आहे, पाकीट फोडायचं नाही, तसंच त्याच्या हातात द्यायचं. फाडायचं तर फाड, पण वाचून फाड.

परवा रात्री साडेअकराला तुझ्या आईचा फोन आला. एवढ्या रात्री चाळीसगावहून फोन म्हटल्यावर मामी आधी देवापुढे जाऊन उभी राहिली. तुझं दप्तर आवरताना भूगोलाच्या पुस्तकाखाली दोन शर्ट, एक पँट आणि चार्जर निघाला. तुझ्या दोस्ताला, सौरभला दरडावल्यावर तो बोलला की तू त्याला मुंबईचं जनरलचं तिकीट विचारलं होतंस, आणि रात्री स्टेशनवर पोलीस असतात का, हेही. अरे शहाण्या, मोबाइल कपाटात कुलूपबंद, मग चार्जर कशाला घेतलास? पांघरूण नाही, आधारकार्ड नाही, कुणाचा नंबर लिहिलेला नाही. म्हणे मुंबईला चालला.

पप्पांनी आत्याकडच्या माणसांसमोर तुला कानाखाली मारली, ते मला पटलेलं नाही. तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे. जिनिंगच्या हजेरीचे पैसे तू त्या मोबाइलच्या खेळात उडवलेस, ते त्यांना किती लागलं असेल याचा हिशेब तू कर. तो विषय तुमच्या दोघांचा. मी त्यात पडत नाही.

मला एकच विचारायचं आहे. तू गाडीत बसला असतास, नांदगाव, मनमाड, नाशिक मागे टाकून पहाटे कल्याणला नाहीतर दादरला उतरला असतास, तर तुला पहिल्यांदा कोण भेटलं असतं?

हसू नकोस. उभी नोकरी टीसीचा काळा कोट घालून मी त्या फलाटांवर काढली. पळून आलेला पोरगा आम्हाला लांबून कळायचा. गाडीतून उतरणारा माणूस एकतर इंडिकेटर बघतो, नाहीतर जिना शोधतो. हा पोरगा काहीच शोधत नाही. गर्दी ओसरेपर्यंत फलाटाच्या टोकाला जाऊन बसतो. गणवेशवाला दिसला की उठतो आणि पाणपोईकडे जातो. खिशात पैसे असतात तोवर वडापाव खातो, आणि संध्याकाळपर्यंत ते संपतात. हे जसं मला कळायचं, तसं ते दुसऱ्यांनाही कळतं. फलाटावर असे लोक आहेत की ज्यांचं कामच ते. ते मारत नाहीत, ओढून नेत नाहीत. चहा पाजतात. ‘घरी मारलं का रे?’ असं इतक्या मायेनं विचारतात, की तुझ्या मामालाही तसं जमायचं नाही.

बहुतेकदा तो तुझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठा असतो. तोही कधीतरी असाच आलेला. तो तुला काम दाखवतो. डब्यात शर्टानं झाडू मारून पैसे मागायचे, रिकाम्या बाटल्या गोळा करायच्या, त्यातल्या काही नळावर भरून पुन्हा विकायच्या. रात्री तो फडकं देतो. पंक्चरचं सोल्युशन नाहीतर व्हाइटनर त्यावर ओततात आणि हुंगतात. भूक कळत नाही, थंडी कळत नाही, आई आठवत नाही. आणि त्या पोराच्या वर एक ‘भाई’ असतो. तो दिवसाची कमाई घेतो आणि रात्री काय करतो ते मी पत्रात लिहीत नाही, तू नववीत आहेस, तुला कळतं. मुलग्यांना कसली भीती, असं समजू नकोस. २०१२चा पोक्सो कायदा मुलामुलींना सारखाच लागू आहे, तो उगाच नाही.

कुणी कारखान्यात नेतात. खोलीचा दरवाजा बाहेरून बंद, आत पिशव्या शिवायच्या नाहीतर जरी भरायची, पगार ‘मालकाकडे जमा’. कुणी लग्नाच्या केटरिंगवर, जिथं भांड्यांच्या ढिगाशेजारीच झोपायचं. कुणी धावत्या लोकलखाली येतं. एक पोरगा मी फलाटावर बघायचो. पहिल्यांदा दिसला तेव्हा शाळेचं दप्तर होतं. पुढं तोंडाला फडकं. मग काही वर्षांनी पुलाखाली बसलेला दिसला, डावा पाय गुडघ्यापासून नव्हता. मला ओळखून म्हणाला, ‘साहेब, तिकीट काढलंय.’ त्याची ती थट्टा मला अजून सोसत नाही.

दुसऱ्या एकाची गोष्ट बरी आहे, तीही सांगतो, नाहीतर म्हणशील मामा नुसतं भेडसावतो. पावसाळ्यातली पहाट. बाकड्यावर एक पोरगा वडापावचा कागद चाटत बसलेला. नाव विचारलं तर राहुल, गाव विचारलं तर नाशिक. नाशिकमध्ये कुठं, तर गप्प. आरपीएफची एक बाई हवालदार त्याच्या शेजारी नुसती बसून राहिली. दुसरा चहा झाल्यावर तिनं त्याची भिजलेली कॉलर सारखी केली. आत शिंप्याचं लेबल, त्यावर जामनेर छापलेलं. ती एवढंच म्हणाली, ‘जामनेरला पाऊस आहे का रे?’ आणि पोरगा रडायला लागला. नाव राहुल नव्हतंच. पळून आलेली पोरं नाव खोटंच सांगतात. समुपदेशनवाल्या बायका कधी कधी आठवडाभर खऱ्या पत्त्याच्या मागे असतात.

त्याला पहिल्यांदा ती भेटली. तुला कोण भेटलं असतं?

सौरभ सांगत होता, तुला रीलवाल्यांच्या टीममध्ये घेणार आहेत म्हणे, अंधेरीत. कोण घेणार? नाव सांग, पत्ता सांग. १९८८ साली मीरा नायर यांनी ‘सलाम बॉम्बे’ काढला, रस्त्यावरच्या खऱ्या पोरांना घेऊन. त्यातला मुख्य पोरगा शफीक सय्यद. बंगळूरहून पळून मुंबईत आलेला, फुटपाथवर झोपणारा. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, सिनेमा ऑस्करपर्यंत गेला. पुढं तो बंगळूरला परत जाऊन रिक्षा चालवू लागला. रिक्षा चालवणं वाईट नाही, कष्टाचं आहे. पण लाखात एकाला जी संधी मिळाली, ती मिळूनही त्याचं असं झालं. आणि तुझ्याकडे आहे एक चार्जर!

आता दुसरं. घरातल्या कुणी तुला सांगितलं नसेल, कारण आपल्याकडे त्यावर बोलतच नाहीत. मीही पळालो होतो. तुझी आई तेव्हा चार वर्षांची होती. १९८२ साल, दिवाळीच्या आधी. सहामाहीत गणित गेलं आणि तुझ्या आजोबांनी, नानांनी मला बैलाच्या कासऱ्यानं मारलं, गोठ्यात, गडीमाणसांदेखत. रात्रीच्या गाडीनं मी निघालो. आपल्या गल्लीतले एक अण्णा लालबागला गिरणीत होते, त्यांच्याकडे राहायचं, गिरणीत चिकटायचं, असा बेत. तुझ्यासारखाच, अर्धवट. त्या वर्षी जानेवारीपासून गिरण्यांचा संप चालू आहे, हे पेपरात येत होतं, पण पेपर कोण वाचतो? अडीच लाख कामगार बाहेर. अण्णांच्या खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, ते कधीच गावी गेले. मी ज्या गावाहून पळालो तिथंच अण्णा बसले होते, बघ!

रात्री मी ‘भारतमाता’ सिनेमाच्या बाजूला फुटपाथवर बसलो. पहिल्यांदा मला जी भेटली ती एक खानावळवाली मावशी, प्रेमाताई पुरवांच्या अन्नपूर्णा महिला मंडळातली. गिरणीवाल्यांना जेवण घालून पोट भरणाऱ्या बायका त्या. संपात त्यांचंही दिवाळं निघालेलं, मेंबर उधारीवर जेवत होते किंवा गावी गेले होते. तरी तिनं मला भाकरी दिली आणि भांड्यांना बसवलं. नाव मी विजय सांगितलं. त्या काळी अमिताभ सिनेमात विजय असायचा, म्हणून पळालेले सगळे विजयच. दिवाळी गेली, संक्रांत आली. घरी जावंसं रोज वाटायचं. दादरला गाडीही उभी असायची. पण कोणत्या तोंडानं जायचं? पळायला एक रात्र पुरते रे ओंकार. परत जायला मात्र धीर लागतो, आणि तो दिवसेंदिवस कमीच होत जातो. शेवटी मावशीनंच माझ्याकडून खरं गाव काढलं आणि कार्ड टाकलं.

नाना आले. ऐन कापूस वेचणीत ते माझा फोटो घेऊन मुंबईची स्टेशनं फिरले होते, हे मला नंतर कळलं. त्यांनी मावशीला हात जोडले आणि माझ्या जेवणाचे पैसे किती झाले ते विचारलं. ती म्हणाली, ‘पोरानं भांडी घासलीत, हिशेब फिटला.’ गाडीत नाना एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावरही नाहीत. मारणं सोडाच, त्यानंतर नाना मला कधी रागावलेच नाहीत. अकरावीत नापास झालो तर म्हणाले, ‘असू दे.’ विडी ओढताना पकडलं तर पाठ फिरवून गेले. बाप पोराशी पाहुण्यासारखा वागायला लागला. मी पुन्हा जाईन, ही भीती शेवटपर्यंत त्यांच्या पोटात होती. माझ्या लग्नात त्यांनी मला ‘तुम्हाला ठीक वाटतंय ना?’ असं विचारलं होतं. तुम्हाला! त्यांनी एकदा तरी मला शिवी घालावी, असं मला फार वाटायचं.

काल तुझ्या पप्पांनी मला विचारलं, ‘मोबाइल देऊन टाकू का त्याला?’ त्यांचा आवाज ऐकला आणि मला नाना आठवले. म्हणून हे इतकं लांबलं. ते रागावतात तोवर ते तुझे बाप आहेत. त्यांना तुझी भीती वाटायला लावू नकोस.

‘मामा, पुन्हा पळण्याचंच म्हणतोस ना?’ असं विचारशील. म्हणतो. कधी घरात अगदीच जीव गुदमरला, तर आधी १०९८ लाव. कुठल्याही फोनवरून, रात्री-अपरात्रीही, फुकट. १९९६ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून हे काम सुरू झालं, आता सरकारच चालवतं. घरी मार बसत असेल तर तेही तिथं सांगता येतं, ते पप्पांची बाजू घेणार नाहीत. आणि चुकून निघालासच, उतरलासच, तर गणवेशवाल्यापासून पळू नकोस, त्याच्याकडे जा. आरपीएफनं २०१८ ते मे २०२४ या काळात ८४,११९ मुलं रेल्वेतून सोडवली, सगळे काही दांडा आपटत फिरत नाहीत. चोवीस तासांच्या आत तुला बालकल्याण समितीपुढं नेतात, कोठडीत टाकत नाहीत. आणि इकडे आई पोलीस ठाण्यात बसलेली असेल. अठराच्या आतला मुलगा हरवला की अपहरणाचा गुन्हा नोंदवतात. हवालदार अंगावरच्या खुणा विचारेल, तेव्हा तिला हनुवटीवरचा तो टाका सांगावा लागेल, झोक्यावरून पडलास तेव्हाचा. मला ते डोळ्यांसमोर येतं आणि तुझा राग येतो.

बरं, पुरे झालं. राग नाही. मामीनं परवा शेव आणून ठेवली आहे, शेवभाजी ओंकारलाच आवडते माझ्या हातची, म्हणते. परीक्षा झाली की ये. तिकीट काढून ये, टीसीच्या घराला विनातिकीट भाचा परवडायचा नाही. गाडी कुठली, डबा कुठला, आईला सांगायला सांग. मी फलाटावर असेन, आणि उशीर झाला तरी तू पुलाखाली थांब, हलू नकोस. दोन शब्दांचं का होईना, उत्तर टाक. शिव्या लिहिल्यास तरी चालेल.

तुझा,
मामा

ता. क. : रीलमध्ये नाचायचंच असेल, तर इथं स्टेशनजवळ एक नाचाचा क्लास आहे. मे महिन्याच्या बॅचची फी विचारून आलो. शिकवणारा पोरगा केस रंगवलेला आहे, पण वागायला सरळ वाटला. पप्पांशी मी बोलतो. तू आत्ताच काही बोलू नकोस. आणि तो चार्जर आईला देऊन टाक, तिचा खराब झालाय.