गाडी शिकताना डेंट पडला, भरायचं कुणी?

यवतमाळात मी गाडी शिकवतो. आरसा तुटला, बंपर चेपला की शिकणारा आणि शिकवणारा एकमेकांकडे बघतात. त्या क्षणी भांडण होऊ नये म्हणून हे अनुभवाचे बोल.

१. बोलणी आधीच करा. फी ठरतानाच विचारा, "सर, गाडीला काही झालं तर?" उत्तर पावतीवर लिहून घ्या.

२. स्कूलची गाडी असेल तर खर्च स्कूलचा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार स्कूलच्या कारला ड्युअल कंट्रोल लागतंच. दारव्हा रोडवर समोरून कापसाची गाडी आली आणि ताईंचा पाय घाबरून ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला, तर माझा पाय ब्रेकवर पोचायलाच हवा. फी त्याचीच आहे. सांगूनही कुणी मुद्दाम ऐकलं नाही, तरच हिशेब वेगळा.

३. घरच्या गाडीत काका शेजारी बसतात, पण त्यांच्या पायाशी ब्रेक नसतो. हाताशी हँडब्रेक तेवढा. म्हणून सुरुवात मोकळ्या मैदानावर करा. लर्निंग लायसन्स, पुढे-मागे लाल 'एल' आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस, यातलं काहीही चुकवू नका. अपघातानंतर विमा कंपनी पहिल्यांदा हेच तपासते.

४. पॉलिसी उघडून वाचा. थर्ड पार्टी विमा दुसऱ्याचं नुकसान भरतो, आपल्या गाडीचा डेंट नाही. त्यासाठी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा हवा. आणि लहान ओरखड्यासाठी क्लेम करण्याआधी हिशेब करा: २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वाढत जाणारा नो क्लेम बोनस एका क्लेमने जातो. डेंटिंग-पेंटिंगचं बिल त्याहून कमी असेल तर खिशातून दिलेलं बरं.

५. शिकाऊ आहे म्हणून जबाबदारी शून्य होत नाही. इंग्लंडमधल्या नेटलशिप विरुद्ध वेस्टन खटल्यात शिकणाऱ्या बाईंची गाडी दिव्याच्या खांबावर गेली आणि शिकवणाऱ्याचा गुडघा मोडला. १९७१ मध्ये कोर्टाने शिकाऊ चालकालाही कुशल चालकाचंच माप लावलं; पण गाडीवर ताबा दोघांचा होता, म्हणून भरपाई निम्मी केली. त्या गृहस्थांनी शिकवण्याआधी विम्याची चौकशी केली होती, हे विशेष.

६. ठोकल्यावर ओरडू नका. गाडी बाजूला घ्या, फोटो काढा, कुणाला लागलं का ते आधी बघा. मग त्याच दिवशी, थोडा वेळ का होईना, त्याच माणसाला पुन्हा स्टिअरिंगवर बसवा.